‘मार्कर’ला खूण म्हणायचं की दर्शक?

वेलांटी: मल्टिपल मायलोमा या कर्करोगावरचा एक लेख मराठीत आणतेय. रोग अस्थिमज्जेतला, पण रुग्णाच्या रक्तातल्या प्रतिकारपेशींवरचे ‘मार्कर’, म्हणजे पेशीच्या अंगावरची ठराविक प्रथिनं, बघून रोगाची चाल कळते का, असा विषय. मी ‘दर्शक’ लिहिलं, तर संपादकांनी समासात विचारलं, ‘म्हणजे प्रेक्षक?’ त्यात ‘मज्जेचा कर्करोग’ वाचून आईला तो मज्जातंतूंचा वाटला. सुचवा काहीतरी.

रफार: खूण! ‘चिन्हक’, ‘निदर्शक’ वगैरे परिभाषा कोशातच राहू देत.

जुनीस्लाइड: मी फ्लो सायटोमेट्रीवर बरीच वर्षं काढलीत. पेशी एकेक करून लेझरसमोरून जाते, तिला चिकटवलेली प्रतिपिंडं चमकतात. पेशीवर सीडी १३८ हा मार्कर दिसला की आम्ही दिवसभर ‘वन थर्टीएट पॉझिटिव्ह’ असंच बोलतो, मराठी कुणाला सुचतंय! पण ‘ओळखखूण’ म्हणाल तर माझी हरकत आहे. सीडी ३८ हा मार्कर प्लाझ्मा पेशींवर, म्हणजे मायलोमात बिघडतात त्या पेशींवर, ठासून असतो, तसाच एनके आणि चेतलेल्या टी या प्रतिकारपेशींवर आणि किंचितसा तांबड्या पेशींवरही असतो. त्यालाच धरणारं डाराटुमुमॅब हे मायलोमाचं औषध २०१५ साली आलं आणि रक्तपेढीवाल्यांची झोप उडाली. रुग्णाच्या रक्तातलं औषध दात्याच्या तांबड्या पेशींना चिकटतं, मग एकही पिशवी जुळेनाशी दिसते. ही कसली ओळख?

रफार: गालावर तीळ शंभर जणांना असतो, तरी खूण म्हणून सांगतोच ना? चार खुणा जुळल्या की माणूस पटतो. तुमचंही तेच, सीडी ३८ला सीडी १३८ची जोड देता.

पूर्णविराम: वेलांटीताई, घोळ मुळातच आहे. एका ‘मार्कर’मध्ये दोन कामं कोंबलीत. पेशीच्या अंगावरचं प्रथिन ती कुठल्या जातीची हे सांगतं, ती खूण. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन रक्तात वाढलं की रोगाचा जोर कळतो, तो दर्शक. लेखात दोन्ही असतील तर दोन शब्द वापरा.

वेलांटी: आणि टी पेशींवरचा पीडी-१ हा मार्कर? तो पेशी दमल्याचं सांगतो, आणि लेखात त्यावरूनच रोगाचं भाकीतही करू पाहतात.

जुनीस्लाइड: नुसता पीडी-१ दिसला म्हणून पेशी दमली म्हणू नका. नुकत्याच चेतलेल्या पेशीवरही तो येतो.

पूर्णविराम: मग अवघड आहे.

अनुस्वार: मला मज्जेबद्दल बोलायचंय. आईंचं काय चुकलं? मज्जासंस्था, मज्जारज्जू, मज्जातंतू हे सगळं आपणच करून ठेवलंय. सप्तधातूंतली मज्जा हाडातलीच होती. गंमत म्हणजे ग्रीकांचंही तेच: ‘मायलोमा’तला मायलोस म्हणजे हाडातला गर, आणि पोलिओमायलायटिसमध्ये तोच पाठीच्या कण्यात शिरतो. फारसीतला मगज मज्जेचाच भाऊबंद, तो तर थेट डोक्यात गेला.

रफार: म्हणजे ‘हाडातल्या मगजाचा कर्करोग’ लिहा!

अनुस्वार: लोक मेंदूचा समजतील.

काना: सगळे मज्जेवर तुटून पडलात, पण ‘पेशी’ कुणालाच खटकत नाही? संस्कृतात पेशी म्हणजे स्नायू. हिंदीवाले शहाणे, ते कोशिका म्हणतात. आपण पेशीला सेल केलं आणि मग स्नायूसाठी ‘स्नायू’ आणला, जो आयुर्वेदात भलतंच काहीतरी बांधतो.

पूर्णविराम: काना, शाळेतल्या पोरालाही पेशी म्हणजे काय ते ठाऊक आहे. आता ती संस्कृतात परत पाठवणार?

काना: रुळलं म्हणजे बरोबर झालं का?

जुनीस्लाइड: रुळलं तेच बघायचं तर ‘मार्कर’ही रुळलाय. मग हा धागा कशाला?

वेलांटी: उद्या लेख द्यायचाय हो! मथळ्यात तूर्त ‘रक्तातल्या खुणा’ टाकलंय. संपादकांचा निरोप आला, ‘रक्ताच्या डागांबद्दल आहे का?’

रफार: संपादक बदला.

काना: पण ‘तो’ मार्कर आणि ‘ती’ खूण, आतली सगळी क्रियापदं बदललीत ना?