मदत हवी आहे: हाँगकाँगमध्ये डिमसम कुठे खावं? (आई शाकाहारी, बाबा पोर्क-बीफ खात नाहीत)

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन हाँगकाँगला जातेय. मला डिमसमचं (वाफवलेली डंपलिंग्ज वगैरे छोटे चिनी पदार्थ, चहासोबत) भयंकर वेड आहे आणि ते खरं जिथलं आहे तिथे जाऊन नाही खाल्लं तर काय उपयोग, पण अडचण अशी की आई पूर्ण शाकाहारी (अंडंसुद्धा नाही) आणि बाबा मासे, कोळंबी, चिकन खातात पण पोर्क-बीफ अजिबात नाही. मी सगळं खाते. नेटवर शोधलं तर सगळीकडे तीच ती यादी, आणि सगळ्यात वर पोर्कचेच पदार्थ. मला ती ट्रॉली ढकलत आणतात ना, तसलं एक तरी ठिकाण बघायचंच आहे. रात्रीच्या जेवणाला डिमसम असा प्लॅन केलाय, दिवसा फिरणं. तिघांना एकाच टेबलवर बसून खाता येईल अशी जागा आहे का? गाइडेड फूड टूर वगैरे नको. प्लीज सांगा, अ‍ॅडव्हान्समध्ये थँक्यू.

प्रतिसाद:

ताई, पहिलं म्हणजे रात्रीचा प्लॅन बदला. डिमसम हा तिकडे सकाळ ते दुपारचा प्रकार आहे, जुन्या पद्धतीच्या रेस्टॉरंटांत दुपारी तीननंतर किचन वेगळ्याच जेवणाकडे वळतं. दिवसभर डिमसम देणाऱ्या छोट्या चेन आहेत, पण ट्रॉली बघायचीय म्हणता तर सकाळीच. त्यासाठी सेंट्रलला सिटी हॉलमध्ये दुसऱ्या मजल्यावर मॅक्सिम्स पॅलेस. मोठा हॉल, झुंबरं, बाहेर हार्बर दिसतो, नंबर घेऊन थांबायचं. ट्रॉली आली की झाकण उघडून दाखवतात, बोट दाखवायचं, ते आपल्या कार्डावर शिक्का मारतात. रविवारी मात्र सगळं शहर आजी-आजोबांना घेऊन तिथेच येतं, टाळलेलं बरं.

प्रतिसाद:

वर म्हटलंय ते बरोबर, पण बाबांसाठी सावध राहा. हार गाव म्हणजे ते पारदर्शक आवरणाचं कोळंबीचं डंपलिंग, ते बघून वाटतं चला हे तरी सेफ. पण पारंपरिक सारणात कोळंबी ओलसर राहावी म्हणून डुकराची चरबी घालतात. शु माय, म्हणजे वरून उघडं असलेलं डंपलिंग, त्यात तर पोर्क असतंच, वर कोळंबी दिसली म्हणून फसू नका. टिम हो वानचं नाव सगळे घेतील (2009 मध्ये मोंग कॉकला छोटं दुकान होतं, मग मिशेलिन स्टार, म्हणजे रेस्टॉरंटांना मिळणारा मोठा मान, मिळाला, आता देशोदेशी शाखा), पण तिथलं फेमस भाजलेलं बन पोर्कचंच. तुम्ही एकट्या जाऊन खा.

बाबांसाठी माझं उत्तर एकच, वान चायची मशीद. ओई क्वान रोडवर इस्लामिक सेंटर आहे, अम्मार मशीद, तिथे पाचव्या मजल्यावर कँटीन आहे आणि तिथे हलाल डिमसम मिळतं, अगदी कँटोनीज (दक्षिण चीनकडच्या) पद्धतीचं. पोर्कचा प्रश्नच नाही. बीफ असतं, तेवढं विचारून घ्यायचं. डेकोरेशन शून्य, ट्यूबलाइट आणि साधी टेबलं, पण हार गाव गरमागरम येतात, आवरण चिकट नाही, आत कोळंबी कच्चकन दाताखाली येते. जेवणाच्या वेळेआधी पोचा, गर्दी होते. कपडे जरा अंगभर घाला एवढंच.

धागाकर्ती:

बापरे, चरबीचं माहीतच नव्हतं! हे कँटीन बाबांना जाम आवडेल. पण मग आईचं काय? तिकडे 'व्हेजिटेबल' लिहिलेलं काही तरी असेलच ना, टर्निप केक वगैरे?

प्रतिसाद:

टर्निप केक (मुळ्याची वडी) अजिबात नाही!! त्यात सुकवलेली कोळंबी आणि चायनीज सॉसेज असतं. हिरव्या भाजीवर ऑइस्टर (कालवांचा) सॉस ओततात. तारोची (अळूच्या कंदाची) कुरकुरीत वडी असते तिच्या आत खिमा. आणि मँगो पुडिंगमध्ये जिलेटिन, तेही प्राण्यांपासूनच. 'मांस नको' सांगितलं तर मांसाचे तुकडे बाजूला काढून तोच रस्सा देतील. त्याऐवजी 'सिक जाय' म्हणा, म्हणजे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी, ते लगेच कळतं. फोनवर चिनी अक्षरांत लिहूनही ठेवा, उच्चारावर भरवसा नको.

आईंसाठी दोन जागा. एक, अ‍ॅडमिरल्टीच्या हाँगकाँग पार्कमध्ये चहाच्या भांड्यांचं म्युझियम आहे, त्याला लागूनच 'लॉकचा' नावाचं टी हाऊस. शाकाहारी डिमसम आणि चहाची भलीमोठी यादी. शांत आहे, आई-बाबा दोघंही खूश होतील. दुसरी, डायमंड हिलला नान लियान गार्डनमध्ये ची लिन मठाचं शाकाहारी रेस्टॉरंट, चक्क धबधब्याच्या मागे. बौद्ध मठाचं असल्याने कांदा-लसूणही नाही. तिथे डिमसमपेक्षा जेवण जास्त. मी असते तर लॉकचाला तिघांना नेलं असतं, कारण तुमचा 'एकाच टेबलवर' हा हट्ट तिथेच पुरा होतो. दोन्हीकडे अंड्याचं एकदा विचाराच.

प्रतिसाद:

चंग फन राहिलं! तांदळाच्या पातळ शीटच्या गुंडाळ्या, दिसायला सुरळीच्या वडीसारख्या, वर गोडसर सोया सॉस. शाकाहारी ठिकाणी भाज्यांच्या मिळाल्या तर आईंना द्याच, काहीही तिखट-तेलकट नाही.

आणि बसल्याबसल्या गोंधळू नका, बरेच जण पहिल्या चहाने वाटी-चॉपस्टिक्स विसळतात, त्यासाठी एक मोठा बोल दिलेला असतो, त्यात ते पाणी ओतायचं, प्यायचं नाही (एक काका पीत होते, मी बघत होतो). किटलीतलं पाणी संपलं की झाकण तिरकं ठेवायचं, वेटर येऊन भरून जातो. कोणी चहा ओतला की दोन बोटं टेबलवर टकटक, तेच थँक्यू. चहा न मागताही माणशी चहाचे पैसे लागतात, वर दहा टक्के सर्व्हिस, तेव्हा बिल बघून दचकू नका. तेलकट खाणार असाल तर पोलेई चहा मागवा, काळाकुट्ट असतो पण बरा वाटतो.

धागाकर्ती:

तुम्ही सगळे ग्रेट आहात. मग एक सकाळ मॅक्सिम्सला, मी खाणार, बाबा चहा पिणार आणि आई हार्बर बघणार, नंतर दुपारी लॉकचाला तिघं. दुसऱ्या दिवशी वान चाय. पण सेंट्रलहून हाँगकाँग पार्क चालत जमेल का, आईचे गुडघे दुखतात?

प्रतिसाद:

अंतर फार नाही, पण मध्ये चढ आणि पूल आहेत, टॅक्सीच करा. नाहीतर सेंट्रलहून एमटीआरने (तिकडची मेट्रो) एकच स्टेशन, अ‍ॅडमिरल्टी. पॅसिफिक प्लेस मॉलमधून सरकते जिने घेतले की पार्कच्या दारात निघता. मेट्रो-बससाठीचं ऑक्टोपस कार्ड एअरपोर्टवरच घ्या.