बिलावरचे ठिपके आणि कार्यालयातील प्रिंटर (सोसायटीच्या ग्रुपवरील संवाद)

क-४०२: सचिव महोदय, आज मिळालेल्या देखभाल बिलावर चार काळे ठिपके आणि उजव्या कडेला एक उभी काळी रेघ आहे. त्यांतील एक ठिपका नेमका थकबाकीच्या आकड्यावर पडल्यामुळे १,३५० हे १,८५० असे वाचले जाते. गेल्या महिन्यातही मी हे निदर्शनास आणून दिले होते.

खजिनदार (ब-३०३): आकडा १,३५० हाच आहे. ठिपका नसता तरी थकबाकी होतीच, याकडेही कृपया लक्ष द्यावे.

क-१०३: ठिपक्याने रक्कम वाढत असेल, तर माझ्या जमा रकमेवरही एखादा पाडून द्यावा, ही नम्र विनंती.

ब-२०१: नवा प्रिंटर घ्यावा. मागील दोन्ही वार्षिक सभांत मी हे सांगितले होते.

सचिव (अ-१०१): बिलाचे एक वेळ चालून जाईल. परंतु वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि तिची सूचना पूर्ण १४ दिवस आधी सभासदांच्या हाती पडावी लागते, त्यामुळे अहवालासह सर्व प्रती रविवारपर्यंत निघाल्याच पाहिजेत. काल प्रिंटर आतून स्वच्छ करून घेतला, तरी फरक पडलेला नाही.

अ-३०४: स्वच्छ करून घेतला म्हणजे नेमके काय केले?

सचिव (अ-१०१): तळाशी काळी भुकटी साचली होती. ब-४०१ वहिनींनी त्यांचा व्हॅक्यूम क्लीनर दिला आणि वॉचमनने ती ओढून घेतली.

ब-४०१: तो क्लीनर आज घरी लावला, तेव्हा त्याच्या मागच्या जाळीतून निघालेली काजळी आमच्या गालिच्यावर बसली. याची भरपाई कोण करणार, हे समितीने सांगावे.

अ-३०४: वहिनी, त्या गालिच्याला गरम पाणी अजिबात लावू नका. ती काळी भुकटी म्हणजे प्रिंटरचा टोनर. ती शाई नसून प्लास्टिकची असते. उष्णतेने ती मऊ होऊन धाग्यांत कायमची बसते. आधी कोरडी झटकावी आणि उरलेली गार पाण्याने टिपावी. तिचे कण ५ ते १० मायक्रॉन इतके बारीक असल्यामुळे घरगुती क्लीनरच्या पिशवीतून ते आरपार जातात. सचिव साहेब, उद्या सकाळी कार्यालयाची किल्ली मला द्यावी. तोवर कोणी कार्ट्रिज, म्हणजे टोनरची डबी, बाहेर काढून उजेडात ठेवू नये, कारण तिच्यातील ड्रम, म्हणजे कागदावर अक्षरे उमटवणारा रूळ, प्रकाशाने खराब होतो.

ब-२०१: नवा प्रिंटर घ्यावा.

खजिनदार (ब-३०३): काका, नवीन खर्चाला समितीची मंजुरी लागते. जूनमध्येच रिफिल करून घेतले आहे.

अ-३०४ (दुसऱ्या दिवशी): सकाळी पाहणी केली. ठिपके पट्टीने मोजले असता दर साडेसात सेंटिमीटरवर एक आढळतो. आपल्या कार्ट्रिजच्या ड्रमचा व्यास २४ मिलिमीटर आहे, म्हणजे त्याचा घेर तेवढाच भरतो. एका फेऱ्याला एक ठिपका, म्हणून ए-फोर कागदावर चार. दोष फ्युजरचा, म्हणजे भुकटी तापवून कागदावर पक्की करणाऱ्या भागाचा, तर नाही ना, हे पाहण्यासाठी छपाई अर्धी झाली असतानाच झाकण उघडून कागद बाहेर काढला. भुकटी अजून कच्ची होती, बोटाने पुसली जात होती, आणि ठिपके व रेघ तेव्हाच त्यावर होती. याचा अर्थ फ्युजर निर्दोष आहे आणि बिघाड कार्ट्रिजमध्ये आहे.

क-४०२: रिफिल कोणाकडून करून घेतले होते?

अ-३०४: ते विचारण्यासारखेच आहे. ड्रमवरून खरडलेली टाकाऊ भुकटी ज्या कप्प्यात जमते, तो रिफिल करताना रिकामा केलेलाच नव्हता. तो काठोकाठ भरून वरून सांडत होता. तळाशी साचलेली भुकटी तीच. रेघेचे कारणही सापडले: ड्रम पुसणाऱ्या ब्लेडच्या कडेखाली कागदाचा तुकडा अडकला होता. ठिपक्याच्या जागी मात्र ड्रमवर डिंकासारखा चिकट थेंब होता आणि त्याला पांढऱ्या स्टिकरचा नखाएवढा कपटा लागलेला होता.

क-४०२: स्टिकर? लग्नपत्रिकांवरचे पत्ते मे महिन्यात कार्यालयातील प्रिंटरवर कोणी छापले, हे या ग्रुपला सांगण्याची आवश्यकता नाही.

खजिनदार (ब-३०३): ते कागद मी स्वतः विकत आणले होते आणि सचिवांना विचारूनच छापले होते.

सचिव (अ-१०१): मला “थोडे पत्ते” असे सांगण्यात आले होते.

क-१०३: पत्रिका आम्हालाही आली होती. जेवण उत्तम होते, ही नोंद असावी.

ब-४०१: माझा गालिचा कोणाच्याच लक्षात नाही.

अ-३०४: थेंब नखाने खरवडला असता, तर ड्रमवरचा थर गेला असता. कापसाला किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तो सोडवला. आता फिकट राखाडी खूण उरली आहे, ती आकडे झाकत नाही. टाकाऊ कप्पा गच्चीवर जाऊन रिकामा केला. त्याचबरोबर प्रिंटरची पिन यूपीएसमधून काढून थेट भिंतीवरच्या सॉकेटला लावली आहे. फ्युजर तापताना एकदम मोठा प्रवाह ओढतो आणि म्हणूनच दर छपाईला यूपीएस कण्हत होता. त्या आवाजाला सर्वजण प्रिंटरचे म्हातारपण समजत होते. एक काम राहिले आहे. कागद ओढणाऱ्या रोलरचे रबर काचेसारखे गुळगुळीत झाले आहे आणि कागद दोन पावसाळी महिने उघड्यावर पडून सादळले आहेत. रोलर ओल्या फडक्याने पुसला आहे, पण तो बदलावाच लागेल.

ब-२०१: रोलर बदलण्यापेक्षा नवा प्रिंटर घ्यावा.

सचिव (अ-१०१): काका, विषयपत्रिकेत अनुक्रमांक ७ वर तो विषय घेतला आहे. सूचना आज रात्रीच घरोघरी पोहोचतील.

क-४०२: सूचना मिळाली. अक्षर स्वच्छ आहे, धन्यवाद. मात्र दुसऱ्या पानावर निम्म्यापासून पुढे काहीच छापलेले नाही.

अ-३०४: त्याला चिकटून आणखी एक कागद आलेला असेल. उरलेला मजकूर त्यावर आहे.

क-४०२: आहे.