दोन रोलच्या प्लॉटरवर चार प्रकारचे कागद: मांडणी कशी करावी?

छपाई_दांडियाबाजार
नमस्कार मंडळी. बडोद्यात दांडिया बाजारात आमचे छपाईचे दुकान आहे. नुकताच आम्ही ४४ इंची, दोन रोल एकाच वेळी बसणारा, पिगमेंट (रंगकणांच्या) शाईचा इंकजेट प्लॉटर, म्हणजे मोठ्या आकाराची छपाई करणारे यंत्र, घेतला आहे. सकाळी वास्तुविशारदांचे नकाशे येतात. ते ८० जीएसएमच्या (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या) साध्या कागदावर ए-० आणि ए-१ आकारात काढायचे असतात. दुपारनंतर सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला शाखेचे विद्यार्थी येतात, त्यांना आपल्या चित्रांच्या प्रती ३१० जीएसएमच्या सुती कागदावर हव्या असतात. मधूनच कोणी ग्लॉसी फोटो कागद किंवा कॅनव्हास मागतो. रोल बसतात दोन आणि कागद मात्र चार. कायम कोणते ठेवावेत, बाकीचे कसे फिरवावेत, आणि संगणकावरून पाठवलेले काम भलत्याच रोलवर जाणार नाही याची व्यवस्था कशी करावी? सुती कागदावर कोणाच्या घराचा नकाशा निघाला, तर ते नुकसान परवडणारे नाही.

रोल४४
नकाशांसाठी ३६ आणि २४ इंच असे दोन वेगळे रोल ठेवण्याची आवश्यकता नाही. ३६ इंच म्हणजे ९१४ मिलिमीटर. ए-० ची रुंदी ८४१ आहे, आणि ए-१ आडवा फिरवला की त्याचीही लांब बाजू ८४१ च होते, त्यामुळे दोन्ही आकार एकाच रोलवर निघतात आणि ए-१ ला रोलचे फक्त ५९४ मिलिमीटर खर्च होतात. एका बाजूला जाणारी ७३ मिलिमीटरची पट्टी मी खुशाल जाऊ देतो, कारण त्या बदल्यात एक स्पिंडल (रोल बसवायचा दांडा) मोकळा राहतो.

दुसऱ्या स्पिंडलचा विचार काळ्या शाईवरून करावा. सुती कागद आणि मॅट कॅनव्हास यांना मॅट ब्लॅक (चमक नसलेल्या कागदांची काळी शाई) लागते, ग्लॉसीला म्हणजे चकचकीत कागदाला फोटो ब्लॅक. मॅट कागदावर फोटो ब्लॅक वापरली तर काळा रंग फिका, राखाडी दिसतो. ग्लॉसीवर मॅट ब्लॅक नीट धरत नाही, बोट लागले तरी पुसते. आपल्या यंत्रात दोन्ही काळ्यांसाठी एकच नोझलची (शाई सोडणाऱ्या छिद्रांची) रांग असेल, तर प्रत्येक अदलाबदलीला शाई वाया जाते आणि काही मिनिटे थांबावे लागते. साध्या कागदालाही मॅट ब्लॅक चालते, म्हणून नकाशांचा आणि सुती असे दोन रोल एकत्र ठेवावेत आणि ग्लॉसीची कामे साठवून आठवड्यातील एखाद्या ठरावीक दिवशी काढावीत. दोन्ही काळ्यांना स्वतंत्र नोझल असतील, तर हा प्रश्न उद्भवत नाही.

कागद_आणि_शाई
वरील सल्ला योग्य आहे, परंतु चुकीच्या रोलचा धोका त्याने टळत नाही. रोल भरला की यंत्र कागदाची कड शोधून रुंदी मोजते. कागद सुती आहे की साधा, हे मात्र बहुतेक यंत्रांत आपणच पॅनेलवर सांगावे लागते. म्हणून प्रत्येक कागदाची स्वतःच्या नावाने वेगळी नोंद तयार करावी आणि हेडची (शाई फवारणाऱ्या भागाची) कागदापासूनची उंची, कागद खाली धरणाऱ्या हवेची ओढ, वाळण्याचा वेळ, कटर चालू की बंद आणि फीडची (कागद पुढे सरकण्याची) दुरुस्ती हे सर्व तिच्यात भरावे. छपाईत आडव्या पांढऱ्या रेघा दिसल्या तर कागद प्रमाणापेक्षा जास्त सरकतो आहे, गडद रेघा दिसल्या तर कमी. ही दुरुस्ती प्रत्येक कागदासाठी निराळी करावी लागते.

त्यानंतर संगणकावर एकाच प्लॉटरची दोन प्रिंटर-नावे बसवावीत, ‘नकाशा’ आणि ‘सुती’, आणि प्रत्येकात कागदाचा प्रकार पक्का करून ठेवावा. यंत्राच्या सेटिंगमध्ये कागद जुळला नाही तर काम थांबवून ठेवण्याचा पर्याय असेल, तर तो अवश्य निवडावा. ‘तरीही छापा’ हा पर्याय दुकानात कधीही चालू ठेवू नये.

छपाई_दांडियाबाजार
दोघांचेही मनापासून आभार. हेडची उंची सर्व कागदांना एकदाच वाढवून ठेवली तर चालेल काय? पावसाळ्यात सुती कागदाच्या कडा उचलतात.

रोल४४
तसे करू नये. उंची वाढली की थेंब विखुरतात आणि नकाशातील बारीक रेषा व आकडे पसरट दिसतात. ग्राहकाच्या नजरेला ते लगेच येते. उंची फक्त सुती कागद आणि कॅनव्हासच्या नोंदीत वाढवावी.

कडा उचलण्याचे कारण ओलावा आहे. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये उघडा राहिलेला रोल कडांकडून दमट होतो, कडा लहरी होतात आणि हेडला घासतात. त्यामुळे दुकान बंद करताना सुती रोल उतरवून, सैल होऊ नये म्हणून पट्टीने बांधून, मूळ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा. रोल संपत आला की गाभ्याजवळचा (आतल्या नळीजवळचा) कागद जास्त गुंडाळी धरतो, तेव्हा शेवटच्या भागावर मोठे चित्र घेऊ नये.

चढवताना रोल स्पिंडलच्या फ्लँजला (टोकाच्या चकतीला) पूर्ण भिडवावा, मध्ये नखभर फट राहिली तरी कागद तिरका जातो. जाड कागदांचा गाभा अनेकदा ३ इंची असतो आणि साध्याचा २ इंची, तेव्हा अडॅप्टर स्पिंडलसोबतच ठेवावा. कॅनव्हाससाठी कटर बंद ठेवून हातानेच कापावे. सुती कागद कापताना तंतू सुटतात, म्हणून पुढची प्रत सुरू करण्यापूर्वी कापलेल्या कडेवरून मऊ ब्रश फिरवावा, नाही तर तंतूवर शाई बसते आणि तो झडला की चित्रात पांढरा ठिपका उरतो.

कागद_आणि_शाई
एक जोडतो. प्रत्येक रोलच्या गाभ्याच्या आतील बाजूस कागदाचे नाव, त्याच्या नोंदीचे नाव आणि उरलेली लांबी पेन्सिलने लिहावी. आपले यंत्र रोल उतरवताना कडेवर बारकोड छापत असेल, तर ती सोय चालू करावी. पुन्हा भरताना कागदाचा प्रकार आणि उरलेली लांबी यंत्र स्वतः वाचते, आणि सकाळच्या घाईत पॅनेलवर चुकीचा प्रकार निवडला जात नाही.