पोरांना आधी क्रियापद समजवावं का आधी बोलू द्यावं?

कास्तकाराची पोरगी, दर्यापूर तालुका
मी गावात सहावी-सातवीच्या पोरांची इंग्रजीची शिकवणी घेते. आजकाल जो तो म्हणते की ग्रामर नका शिकवू, पोरं बोलता बोलता शिकतात. मला हे अजिबात पटत नाही. शहरातल्या पोराच्या कानावर दिवसभर इंग्रजी पडते, आमच्या पोराच्या कानावर शिकवणीपुरतंच, मग ते बोलता बोलता शिकन कुठून? 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी सातवीतलं पोरगं "ही डझ नॉट गोज" लिहिते. कारण इथं दोन क्रियापदं आहेत, डझ मदतीला आलं, गो मुख्य, आणि एस एकदाच लागते, तो डझनं घेतला की गो साधं राहते, हे त्याला कोणी सांगितलंच नाही. हे सांगायचं तर कर्ता, क्रियापद, सहायक क्रियापद हे शब्द लागतातच ना? तेवढं पक्कं झाल्याशिवाय मी पुढं जात नाही.

वऱ्हाडी गडी
नाई पटलं ताई. आमच्या गावातलं शाळेत न गेलेलं लेकरू बी "म्या भाकर खाल्ली" म्हणते अन "मी झोपलो" म्हणते, "म्या झोपलो" नाई म्हणत. म्हणजे सकर्मक-अकर्मक त्याले पहिलेच समजते, फक्त नाव माईत नाई. पुस्तकातल्या मराठीत दोन्हीकडं "मी"च, तिथं हा फरक पुसल्या गेला, आपल्या बोलीत अजून हाये. अन शाळेत काय होते, तर "म्या" अशुद्ध म्हणून खोडते अन मंग ज्या क्रियापदाला कर्माची गरज असते ते सकर्मक, हे पाठ कराले लावते. पोरगं व्याख्या घडाघडा म्हणते अन समोर "झोपला" ठेवलं की गप्प. मले याचा लय राग येते. जे येते तेच हिसकून घ्याचं अन वरून त्याचं नाव पाठ कराले द्याचं?

कास्तकाराची पोरगी
व्याख्या पाठ करा असं म्या कुठं म्हटलं दादा? मी वाक्याला "काल" लावायला सांगते. "तो रोज वावरात जातो", आता काल लावा, "काल तो वावरात गेला". जो शब्द बदलला ते क्रियापद. मग त्यालाच विचारायचं, काय? खाल्लं, काय खाल्लं, भाकर. झोपला, काय झोपला? उत्तर नाही, म्हणजे अकर्मक.

वऱ्हाडी गडी
मंग हे तर नावाशिवाय बी जमते!

निवृत्त मास्तर, वर्धा जिल्हा
बाई, ती खूण चांगली आहे, पण पुढं अडते. भूतकाळात सकर्मक असलं की कर्त्याला "ने" लागतो असं आपण सांगतो, "त्याने आंबा खाल्ला". मग "तो धडा शिकला", "ती नाव विसरली" याचं काय? कर्म आहे, ने नाही. असे अपवाद नियमानं कधीच येत नाहीत, शंभरदा ऐकूनच येतात. माझं मत वऱ्हाडी गड्याकडं.

शिक्षक, धारणी
तुम्हा सगळ्यांची पोरं घरी मराठी बोलतात म्हणून ऐकून येईल म्हणता. आमच्या मेळघाटात कोरकू लेकरांना मराठीच परकी. कोरकू मुंडा कुळातली, संथालीच्या नात्यातली, तिचं मराठीशी नातं नाही. तिच्यात सजीव-निर्जीव असा भेद आहे, मराठीसारखं तीन लिंगांचं नाही. म्हणून आला, आली, आलं यातलं काय घ्यावं हे लेकराला कळत नाही, ते "गाय आला" म्हणते आणि बाकीची पोरं हसतात, मग ते तोंडच उघडत नाही. अशा लेकराला नुसतं ऐक म्हणून चालणार नाही. गाय बाईमाणूस, म्हणून आली, क्रियापद तिच्या मागं जाते, हे उघड सांगावंच लागते. फक्त हे सांगणं त्याच्या भाषेत व्हावं, एवढंच माझं म्हणणं. मराठी येत नसलेल्या लेकराला "लिंग" अन "वचन" हे शब्द मराठीतच समजावून काय फायदा?

वऱ्हाडी गडी
सर, तुमच्या तिथलं मान्य. पण वऱ्हाडातल्या तिसरीच्या लेकराले कशाले पायजे हे?

कास्तकाराची पोरगी
कोश उघडायला पाहिजे ना. "गेला" शोधलं तर सापडत नाही, "जाणे" शोधावं लागते. पोराला हे ठाऊक नसलं तर कोशच निरुपयोगी होते त्याला.

वऱ्हाडी गडी
तिसरीत कोण कोश पायते? सातवीत सांगा ना ते.

कास्तकाराची पोरगी
सातवीतच तर सांगते, माझी पोरं सहावी-सातवीचीच आहेत! मास्तर, "सहायक क्रियापद" पोरांच्या तोंडात बसत नाही, मी "मदतीचं क्रियापद" म्हणते, परीक्षेत मार्क कापतील का?

निवृत्त मास्तर, वर्धा जिल्हा
वर्गात बिनधास्त म्हणा. परीक्षेच्या आधी एकदा दोन्ही नावं फळ्यावर शेजारी शेजारी लिहून द्या.