मॉडेल रेल्वेच्या एका रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालवायचीत, डीसीसी (रुळातून डिजिटल निरोप पाठवणारा कंट्रोल) घ्यावंच लागेल का?

रूळवेडा
मंडळी, कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेंचं म्युझियम बघून आल्यापासून पोराला वेड लागलंय. मेव्हण्याने अमेरिकेहून एचओ (खऱ्याच्या १/८७ आकाराचा) सेट आणला (१२० व्होल्टवाला, स्टेपडाऊन लावून चालवतोय), साधा नॉबवाला डीसी कंट्रोलर आहे. आता दुसरं इंजिन घेतलं तर दोन्ही एकदम सुटतात नि एकदम थांबतात. एकाला यार्डात उभं ठेवून दुसरं फिरवायचंय, बस.

जुना_ड्रायव्हर
अरे डीसीत रुळातली वीज हाच हुकूम, ० ते १२ व्होल्ट, वाढवले की वेग वाढतो, प्लस-मायनस उलटे केले की गाडी उलटी, वर कोण उभंय ते रुळाला काय कळणार? यार्डाच्या एका रुळाच्या जोडावर प्लास्टिकचा जॉइनर (रूळ जोडणारी, पण वीज न नेणारी क्लिप) घाल, पुढच्या तुकड्याला वेगळी वायर नि मध्ये साधा स्विच. ऑफ केला की ते इंजिन झोपलं. एवढ्यासाठी डीसीसी म्हणजे उगाच खर्च.

डीकोडर_जळाला
पण एकाच रुळावर एक पुढे एक मागे असं हवं तर डीसीसीच. त्यात रुळात कायम १५-१६ व्होल्ट असतात आणि प्लस-मायनस सेकंदाला हजारो वेळा उलटत राहतात, ५८ मायक्रोसेकंदाचा अर्धा ठोका म्हणजे १ आणि शंभरच्या आसपासचा म्हणजे ०, अशा भाषेत "तीन नंबर, हळू" असे निरोप जातात, इंजिनात बसवलेली डीकोडर नावाची चिप फक्त आपल्या नंबरचा ऐकते. नवीन डीकोडर ३ नंबरवरच येतो, म्हणून एकेक इंजिन वेगळं ठेवून सीव्ही १ मध्ये (डीकोडरमधली नंबराची सेटिंग) नंबर बदल, नाहीतर पुन्हा दोघं एकदम सुटतील 😄
जुन्या इंजिनात मोटरचा एखादा ब्रश चॅसीला टेकलेला असतो, तो आधी सुटा कर. मी केला नव्हता, नाव त्यावरूनच.

रूळवेडा
नव्याचं वरचं कव्हर काढलं, आत आठ भोकांचा सॉकेट नि त्यात छोटी पट्टी खोचलेली. म्हणजे सोल्डरिंग नाही ना?

डीकोडर_जळाला
नाही, ती पट्टी उपस, डीकोडर खोच. नारिंगी वायर १ नंबरच्या भोकात. उलटा बसला तर इंजिन पळेल पण दिवे लागणार नाहीत, काढून फिरव. आणि डीकोडर नसलेलं जुनं इंजिन त्या रुळावर उभं ठेवू नकोस, जागच्या जागी गुणगुणत तापतं.

रूळवेडा
मग आधी स्विच. जॉइनर शोधायला उद्या बोहरी आळीत चक्कर मारतो, तिथे नसेल तर रुळालाच करवतीने फट पाडतो.