रूट ६६ वर तुम्ही कुठे थांबलात?

जुन्या जॅकेटच्या खिशात काल रंगाचा एक जाड पोपडा सापडला. टेक्सासमध्ये अमरिलोच्या पश्चिमेला दहा कॅडिलॅक गाड्या १९७४ पासून नाक खाली करून जमिनीत अर्धवट पुरून ठेवलेल्या आहेत, तिथला तो. वर्षानुवर्षे येणारेजाणारे त्यांच्यावर रंग फवारतात, त्यामुळे पोपड्याच्या कडेला निळे, गुलाबी, पिवळे पापुद्रे खोडातल्या वलयांसारखे एकावर एक दिसतात. रूट ६६ या अमेरिकेतल्या जुन्या महामार्गाने शिकागो ते कॅलिफोर्नियातले सांता मोनिका हा सुमारे ३,९०० किलोमीटरचा प्रवास आम्ही बारा दिवसांत केला. मुक्काम पुसट झाले आहेत, थांबे मात्र लख्ख आठवतात. तुमचेही लिहा.

पायवाट : ॲरिझोनातल्या ओटमन गावचा घाट! वळणे इतकी अरुंद की शेजारी बसलेल्या बाबांनी दाराची मूठ शेवटपर्यंत सोडली नाही. गावात खाणकामगारांच्या गाढवांचे वंशज रस्त्याच्या मधोमध उभे असतात. त्यांतल्या एकाने काचेला नाक लावले आणि त्याचा ओला ठसा आम्ही घरी पोहोचेपर्यंत पुसला नाही. बाबा आता नाहीत.

धागाकर्ती : पायवाट, वाचून गलबलले.

सावली : ॲरिझोनातल्याच सेलिगमन गावी कॉफीपुरते थांबायचे ठरले होते, पण आम्ही दोन तास रमलो. १९७८ मध्ये इंटरस्टेट ४० हा नवा द्रुतगती महामार्ग गावाला वळसा घालून गेला आणि वर्दळ एकाएकी आटली. १९८५ मध्ये तर १९२६ पासूनचा रूट ६६ च महामार्गांच्या अधिकृत यादीतून वगळला गेला. तरीही एंजल डेल्गाडिलो या तिथल्या न्हाव्याने गावोगावच्या लोकांना एकत्र आणले आणि १९८७ मध्ये ॲरिझोना राज्याकडून रस्त्याला ऐतिहासिक दर्जा मिळवला. आपले गाव असे मरू न देणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

निळाई : पुढच्या वर्षी जायचे आहे. रस्ता सलग सापडतो का?

सावली : नाही. काही ठिकाणी तो इंटरस्टेटखाली गेला आहे, तर काही ठिकाणी कुंपणापाशी संपतो. फोनवरचा नकाशा आम्हाला सारखा इंटरस्टेटवरच नेत होता, म्हणून वळणावळणाची माहिती देणारे पुस्तक सोबत ठेवा.

पायवाट : निळाई, ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट या राष्ट्रीय उद्यानात नक्की थांबा. तिथे १९३२ ची एक गंजलेली स्टुडबेकर गाडी उभी आहे आणि तिच्या मागे, गवतात बुजलेल्या जुन्या रस्त्याच्या कडेने टेलिफोनचे खांब अजूनही ओळीने दूरवर गेलेले दिसतात.