पहाटेचा अलार्म लावलाय, पण कॉम्प्युटर मनात येईल तेव्हाच उठतो

जुनाडबा
मी भाषांतराची कामं करतो आणि माझं डोकं चालतं ते फक्त पहाटे. साडेपाचला टेबलाशी बसतो. कॉम्प्युटर माझ्याहून आळशी. आत अजून जुनी फिरती हार्ड डिस्क आहे, बटण दाबल्यापासून वर्डची फाईल उघडेपर्यंत आठ-नऊ मिनिटं सहज जातात. तेवढ्यात हात मोबाइलकडे जातो आणि सहा कधी वाजले ते कळत नाही. म्हणून म्हटलं, आपण उठायच्या आत याला उठवू.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, पॉवर मॅनेजमेंटखाली 'रिझ्यूम बाय आरटीसी अलार्म' सापडलं: आतल्या घड्याळाच्या वेळेवर मशीन आपोआप चालू करायची सोय. एनेबल केलं, 'एव्हरी डे', वेळ ५:१०. 'ईआरपी' (बंद मशीनची वीज वाचवणारी सेटिंग) चालू असेल तर अलार्म चालत नाही असं कुठेतरी वाचलं होतं, म्हणून तेही डिसेबल केलं. सकाळी येऊन बघतो तर पडदा काळा. बाहेरच्या खोलीत असल्यामुळे पंख्याचा आवाज मला आत ऐकू येत नाही, नाहीतर उठायचे कष्टही वाचले असते. पाच दिवस हेच. मग बुधवारी साहेब चक्क जागे! गुरुवारी, शुक्रवारीही. शनिवारपासून पुन्हा मेल्यासारखे. सोळा दिवसांत तीनदा. मदरबोर्ड गेलाय का?

घाईगडबड
बायोसच्या भानगडीत कशाला पडता? विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये एक टास्क बनवा, 'कंडिशन्स'मध्ये 'वेक द कॉम्प्युटर टू रन धिस टास्क'वर टिक करा. माझा रोज सातला उठतो.

तारजोड
घाईगडबड, तुमचा उठतो कारण तुम्ही तो स्लीपमध्ये ठेवता. शटडाउन केल्यावर विंडोजच नसतं, मग टास्क बघणार कोण? शिवाय पॉवर ऑप्शन्समध्ये 'अलाउ वेक टायमर्स' बंद असेल तर स्लीपमधूनही उठत नाही.

जुनाडबा, मदरबोर्डला शिव्या घालायच्या आधी एक समजून घ्या. पीसी बंद केला तरी एसएमपीएस, म्हणजे आतला पॉवर सप्लाय, पूर्ण बंद होत नाही. मदरबोर्डकडे जाणाऱ्या जाड जुडग्यात एक जांभळी वायर असते, तिच्यावर ५ व्होल्ट कायम चालू असतात. अलार्मची वेळ झाली की मशीन उठवायचं काम या स्टँडबाय करंटवर होतं. मदरबोर्डवरचा गोल सेल, सीआर२०३२, ३ व्होल्टचा, फक्त घड्याळ चालू ठेवतो. मशीन उठवायची ताकद त्याच्यात नाही.

दोन गोष्टी सांगा. रात्री भिंतीवरचं बटण चालू असतं का? आणि सकाळी चालू केल्या केल्या, विंडोजच्या आधी बायोसमध्ये जाऊन बघा, घड्याळ किती वाजल्याचं दाखवतं?

मोबाइलवाला
राउटरला वायरने जोडलेला असेल तर वेक ऑन लॅन करा की, म्हणजे नेटवर्कवरून उठवा. मोबाइलवरून पॅकेट सोडायचं, त्यात आधी सहा वेळा एफएफ हा कोड आणि मग तुमच्या लॅन कार्डाचा मॅक ॲड्रेस (त्याचा ओळख क्रमांक) सोळा वेळा. तो ओळखला की कार्ड मशीनला उठवतं.

तारजोड
त्यालाही तीच जांभळी वायर लागते हो. आधी तिचा छडा लावू.

जुनाडबा
बटण मी बंद करत नाही. पण घड्याळाचं विचारलंत ते भारी. आज साडेपाचला बायोसमध्ये गेलो तर ११:५६! रात्रीचे. विंडोज आल्यावर इंटरनेटवरून वेळ दुरुस्त होत असणार, म्हणून कधी लक्षात आलं नाही.

तारजोड
मग झालं की. करंट असेपर्यंत घड्याळ त्यावर चालतं, गेला की सेलवर. तुमचा सेल मरायला टेकलाय, त्यामुळे करंट गेला की घड्याळ जागच्या जागी थांबतं. म्हणजे कोणीतरी रात्री पावणेबाराच्या सुमारास बटण बंद करतंय आणि सकाळी तुमच्याआधी, सव्वापाचच्या पुढेमागे, चालू करतंय. घरात विचारा.

जुनाडबा
आई!

ती त्या खोलीत झोपते. म्हणाली, "तुझ्या त्या उंदराचा लाल उजेड भिंतीवर पडतो, डोळ्यावर येतो. म्हणून बोर्डच बंद करते." पहाटे उठली की आठवणीने परत चालू करते, मला त्रास नको म्हणून. उजेड आधी पडत नव्हता का, तर नव्हता. मी ईआरपी डिसेबल केलं तेव्हापासून शटडाउननंतरही यूएसबीला करंट राहतो आणि माउस रात्रभर पेटलेला. अलार्म चालावा म्हणून मीच जे केलं, त्यानेच तो बंद पाडला. त्या तीन रात्री मावशी आली होती, दोघी आतल्या खोलीत झोपल्या होत्या.

माउसवर रुमाल टाकतो म्हटलं तर आई म्हणाली, "राहू दे, रात्री बंद केलेलंच बरं."

घाईगडबड
मग स्लीपचा विचारही करू नका. भिंतीवरचं बटण बंद झालं की रॅममधलं (तात्पुरत्या मेमरीतलं) सगळं साफ, सेव्ह न केलेलं गेलंच. हायबरनेट चालेल, ते डिस्कवर लिहून ठेवतं.

तारजोड
अलार्म काढून टाका. बायोसमध्ये 'रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस' असेल, ते 'पॉवर ऑन' करा. 'लास्ट स्टेट' नको, तुम्ही शटडाउन करून झोपता, त्यामुळे तो बंदच राहील. आई बटण चालू करतील, करंट आला की मशीन सुरू. सेल मात्र बदला. एक धोंड आहे: दिवसा लाईट जाऊन आली तरी हा आपोआप चालू होणार.

जुनाडबा
सेल बदलला, सेटिंग केलं. आज सहावा दिवस. साडेपाचला येतो तेव्हा लॉगिनचा पडदा समोर. आईला यातलं काही सांगितलं नव्हतं. परवा तीच म्हणाली, "अरे, मी बटण लावलं की तुझा कॉम्प्युटर भुर्रकन सुरू होतो, काही बिघडलाय का?"

सांगितल्यापासून तिचं एक नवीनच सुरू झालंय. काल पाच वाजता येऊन मला हलवलं, "लावू का बटण?"